वैमानिकांच्या संघटना नियम खरोखर बदलू शकतात का?

एका तरुण वैमानिकाचा प्रश्न आहे. परवाना हातात आला आहे, लवकरच तो सहवैमानिक म्हणून एका विमान कंपनीत रुजू होईल, आणि रुजू होण्याच्या कागदपत्रांबरोबरच त्याच्याकडे संघटनेच्या सभासदत्वाचा अर्जही आला आहे. तो विचारतो, "या संघटना विमान वाहतुकीचे नियम खरोखर बदलू शकतात का, की सुरक्षिततेचे नाव पुढे करून पगार वाढवून घेणे एवढेच त्यांचे काम असते? दरमहा वर्गणी भरण्यात अर्थ आहे का?"

कॅप्टन म्हणून निवृत्त होण्यापूर्वी अनेक वर्षे मी संघटनेच्या ड्यूटी-वेळ समितीवर काम केले आहे. रोस्टरचे म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचे तक्ते, थकव्याचे अहवाल आणि नियमांच्या मसुद्यांवरील हरकती यांत माझ्या सुट्टीचे असंख्य दिवस गेले, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. संघटनांकडे नियम बदलण्याची ताकद आहे का, ही पहिली. आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे का, ही दुसरी. माझ्या मते या दोन्हींच्या मुळाशी एक तिसरा प्रश्न आहे आणि तोच तुमच्या खऱ्या उपयोगाचा आहे: पहाटे तीनला उठून कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसाचा अनुभव नियम लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, आणि ती वाट कोण राखतो?

याचे उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या देशाचा कामगार कायदा वैमानिकाला सामूहिक सौद्याचा हक्क देतो का, नियामकाकडे स्वतःचे वैद्यकीय आणि वैज्ञानिक मनुष्यबळ आहे का, तुमची नोकरी थेट कंपनीत आहे की मध्यस्थ एजन्सीच्या कंत्राटावर, बाजारात वैमानिकांची टंचाई आहे की परवाना असूनही शेकडो जण घरी बसले आहेत, या सगळ्यांनी फरक पडतो. रायनएअर या युरोपातील विमान कंपनीने तीन दशके वैमानिकांच्या संघटनांना मान्यता दिली नव्हती. 2017 च्या सप्टेंबरमध्ये रोस्टरच्या गोंधळामुळे तिला मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द करावी लागली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने ते धोरण बदलले. त्या तीन महिन्यांत कायदा बदलला नव्हता. वैमानिकांची गरज मात्र कंपनीला अचानक तीव्रतेने जाणवली होती. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते प्रत्येक देशात जसेच्या तसे लागू होईल असा माझा दावा नाही.

सुरुवात नियम आणि करार यांतील फरकापासून करायला हवी, कारण नवीन वैमानिक बहुधा येथेच फसतो. नियम ही तळाची मर्यादा असते. तिच्या खाली कोणालाही जाता येत नाही, पण त्या मर्यादेत असलेले प्रत्येक रोस्टर माणसाला पेलण्याजोगे असतेच असे नाही. एक साधा हिशेब पाहू. समजा, दोन ड्यूट्यांच्या मध्ये दहा तासांची विश्रांती पुरेशी मानली आहे. तुम्ही संध्याकाळी सातला मोकळे झालात आणि पहाटे पाचला पुन्हा हजर व्हायचे आहे. विमानतळातून बाहेर पडून हॉटेलच्या खोलीत शिरेपर्यंत पाऊण तास जातो, जेवण आणि आवराआवर यांत आणखी एक तास. पहाटे साडेतीनला उठल्याशिवाय पाचची वेळ गाठता येत नाही. म्हणजे अंथरुणात घालवता येण्याजोगे तास साडेसहाच्या आसपास उरतात, आणि त्यातही रात्री नऊच्या सुमारास शरीर झोपायला तयार नसते. प्रत्यक्ष झोप पाच तासांची झाली तरी ती चांगली म्हणावी. मग ज्या वेळी शरीराची सतर्कता सर्वांत खाली गेलेली असते, म्हणजे साधारण मध्यरात्री दोन ते सकाळी सहा या पट्ट्यात, तुम्ही पहिल्या सेक्टरच्या, म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या, तयारीला लागता. कागदावर दहा तास पूर्ण आहेत आणि नियम कोठेही मोडलेला नाही.

हे अंतर भरून काढण्याचे काम करार करतो. हॉटेलात पोहोचल्यापासून विश्रांतीचे तास मोजावेत, उशिरा संपणाऱ्या ड्यूटीनंतर लगेच पहाटेची ड्यूटी लावू नये, जाहीर झालेले रोस्टर किती दिवस आधीपर्यंतच बदलता यावे, स्टँडबायचा, म्हणजे बोलावले तर हजर होण्यासाठी तयार राहण्याचा, वेळ ड्यूटीत कसा धरावा, महिन्याला किमान किती तासांच्या वेतनाची हमी असावी, वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास विमा किती मिळावा, सिम्युलेटर चाचणीत अपयश आल्यास दुसरी संधी कोणत्या पद्धतीने द्यावी, ही कलमे कराराच्या वाटाघाटीत ठरतात. नियामक त्यांतल्या बहुतेक गोष्टींत लक्ष घालत नाही. एखाद्या कंपनीच्या करारातले चांगले कलम काही वर्षे सुरळीत चालले, त्याचा खर्च सोसण्याजोगा आहे हे सिद्ध झाले, की पुढे तेच देशाच्या नियमाचा भाग होऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त नियम दिसतो; त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षे दिसत नाहीत.

याचे सर्वांत जुने आणि मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे आल्पा, 1931 मध्ये स्थापन झाली आणि डेव्हिड बेन्के तिचे पहिले अध्यक्ष झाले. टपाल घेऊन वाईट हवामानातही उडावेच लागे, नकार देणाऱ्याची नोकरी जाई, असा तो काळ होता; 'शेड्यूल विथ सेफ्टी' हे संघटनेचे ब्रीदवाक्य त्यातूनच आले. 1933 मध्ये वेतनपद्धती बदलण्यावरून वाद पेटला, देशव्यापी संपाची वेळ आली आणि प्रकरण राष्ट्रीय कामगार मंडळाकडे गेले. मंडळाने 1934 मध्ये दिलेल्या निर्णय क्रमांक 83 ने वेतनाचे सूत्र ठरवले आणि त्याच कागदात वैमानिकाने महिन्याला 85 तासांपेक्षा अधिक उड्डाण करू नये अशी मर्यादाही घातली. पुढे 1938 च्या नागरी विमान वाहतूक कायद्याने या निर्णयाचे पालन कंपन्यांवर बंधनकारक केले. ही मर्यादा सुरक्षिततेसाठी होती की रोजगार टिकवण्यासाठी? दोन्हींसाठी. तुमच्या प्रश्नातला 'सुरक्षितता की पगार' हा पर्याय मला अपुरा वाटतो तो याच कारणाने. थकलेला वैमानिक हा एकाच वेळी सुरक्षिततेचा आणि श्रमाच्या मोबदल्याचा विषय असतो, आणि ज्या दिवशी या व्यवसायाला सुरुवात झाली त्या दिवसापासून तो तसाच आहे.

आता संघटनेची वाट किती लांब असते ते पाहू. क्यूबातील ग्वांतानामो बे येथे 18 ऑगस्ट 1993 रोजी एक मालवाहू डीसी-8 विमान उतरताना कोसळले. तिन्ही वैमानिक कर्मचारी वाचले आणि त्यांच्या झोपेचा तपशीलवार हिशेब मांडता आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने थकवा हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नोंदवण्याची ती पहिली वेळ. 1995 मध्ये एफएए या अमेरिकी नियामकाने ड्यूटीच्या वेळांचे नवे नियम प्रस्तावित केले. कंपन्यांना ते महाग वाटले, संघटनांना काही तरतुदी अपुऱ्या वाटल्या, आणि तो मसुदा 2009 मध्ये मागे घेतला जाईपर्यंत चौदा वर्षे पडून राहिला. या दिरंगाईत संघटनांचाही वाटा होता, असे माझे मत आहे. परिपूर्ण नियमाचा हट्ट धरताना आपण जुना आणि अधिक वाईट नियम चालू ठेवतो आहोत, हे समितीच्या खोलीत बसून विसरायला होते. मीही ते विसरलेलो आहे.

मग 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले आणि जमिनीवरच्या एका व्यक्तीसह 50 जणांचा मृत्यू झाला. त्यातील सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून मेम्फिसमार्गे विमानांतून प्रवास करत नेवार्कला कामावर पोहोचली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दारात ठाण मांडले. एफएएने नियामक, कंपन्या आणि संघटना यांची संयुक्त समिती नेमली आणि तिने काही आठवड्यांतच शिफारशी दिल्या. हे इतक्या लवकर कसे जमले? कारण संघटनांच्या समित्यांनी झोपेच्या संशोधनाचे वाचन, तक्ते आणि पर्यायी मसुदे वर्षानुवर्षे तयार करून ठेवले होते. 2010 मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि भाग 117 म्हणून ओळखले जाणारे नियम जानेवारी 2014 पासून लागू झाले. ड्यूटीची कमाल मर्यादा ती किती वाजता सुरू होते आणि त्यात किती सेक्टर आहेत यांवर ठरू लागली. दहा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी अनिवार्य झाली. आठवड्याच्या 168 तासांत सलग 30 तास पूर्ण मोकळे आले. वर मी केलेला दहा तासांचा हिशेब आठवा. 'झोपेची संधी' ही शब्दरचना नियमात येण्यासाठी कोणीतरी हॉटेलपर्यंतच्या बसचा वेळ मोजून ठेवावा लागतो.

परंतु या यशाला मोठी फट राहिली. 2010 च्या मसुद्यात मालवाहू कंपन्याही होत्या. अंतिम नियमातून त्या वगळल्या गेल्या, कारण खर्चाच्या मानाने लाभ कमी दिसतो असा हिशेब मांडण्यात आला. मालवाहू विमानात प्रवासी नसल्यामुळे वाचणाऱ्या जिवांची संख्या कमी भरते, आणि तेवढ्यावरून रात्रभर उडणाऱ्या वैमानिकाची झोप कमी मोलाची ठरते, हे तर्कशास्त्र मला आजही अस्वस्थ करते. यूपीएस या मालवाहू कंपनीच्या वैमानिकांची संघटना न्यायालयात गेली आणि 2016 मध्ये हरली. दरम्यान 14 ऑगस्ट 2013 रोजी अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे यूपीएसचे ए-300 विमान पहाटे उतरताना कोसळून दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला होता. चौकशी अहवालात थकव्याचा उल्लेख आहे, तसाच सहवैमानिकाने मिळालेला मोकळा वेळ झोपेसाठी नीट वापरला नाही याचाही आहे. हा दुसरा भाग संघटनेच्या भाषणांत सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण विश्रांतीचा हक्क मागणाऱ्याने ती विश्रांती घेण्याची जबाबदारीही मान्य केली पाहिजे.

युरोपातही संघटनांचा असाच अर्धा पराभव झाला. ड्यूटीच्या वेळांवरील 2008 च्या एका वैज्ञानिक अहवालाने रात्रीच्या ड्यूटीसाठी दहा तासांची मर्यादा सुचवली होती, आणि युरोपियन कॉकपिट असोसिएशनने तीच लावून धरली. संसदेच्या वाहतूक समितीने 2013 मध्ये मसुद्याच्या विरोधात मतही दिले. पण काही दिवसांतच संपूर्ण सभागृहाने तो संमत होऊ दिला आणि 2016 पासून लागू झालेल्या नियमांत रात्रीची मर्यादा अकरा तास राहिली. फरक एका तासाचाच आहे, पण ज्याने तो शेवटचा तास पहाटे पाचला खिडकीबाहेर उजेड येत असताना काढला आहे, त्याला त्याची लांबी ठाऊक आहे.

भारतातील अनुभव सांगतो की नियम लिहून घेणे आणि तो लागू करून घेणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. मंगळूर येथे 22 मे 2010 रोजी झालेल्या अपघातात 158 जण मृत्यू पावले आणि कॅप्टन उड्डाणाच्या मोठ्या भागात झोपेत होता हे चौकशीत पुढे आले. डीजीसीए या भारतीय नियामकाने 8 जानेवारी 2024 रोजी सुधारित नियम जाहीर केले: साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या वेळेतील लँडिंगची कमाल संख्या सहावरून दोनवर. ते त्याच वर्षी जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांच्या आक्षेपांनंतर ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, तेव्हा 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबर 2025 मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला पुरेसे वैमानिक रोस्टरवर आणता आले नाहीत, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियामकाने तिला तात्पुरती सवलत दिली. प्रवाशांचा राग मी समजू शकतो. तरीही जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसे तयार ठेवली गेली नाहीत, याचा दोष नियमाला देता येणार नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: संघटना एकट्याने नियम बदलत नाही. अपघात, मृतांचे कुटुंबीय, न्यायालय किंवा संसद दार उघडते, आणि त्या क्षणी ज्याच्याकडे पुरावा व मसुदा तयार असतो त्याचे शब्द नियमात जातात. म्हणून मी संघटनेची ताकद तिच्या फायलींवरून जोखतो.

अनेकांना संघटनेची ताकद म्हणजे संप वाटतो. माझ्या अनुभवात संप हे तिचे सर्वांत दुबळे साधन आहे. ऑस्ट्रेलियात 1989 मध्ये देशांतर्गत वैमानिकांनी 29.47 टक्के वेतनवाढ मागितली, फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतच उडण्याचा निर्णय घेतला आणि अखेर सामूहिक राजीनामे दिले. सरकार कंपन्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, वायुदलाची विमाने प्रवाशांसाठी वापरली गेली, परदेशातून विमाने आणि वैमानिक आणले गेले. संघटना हरली आणि शेकडो वैमानिकांना पुन्हा त्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत. अमेरिकेत रेल्वे कामगार कायदा 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे; मध्यस्थी आणि त्यानंतरचा तीस दिवसांचा काळ पूर्ण झाल्याखेरीज संप करता येत नाही, आणि तेवढे करूनही फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू होताच काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला. भारतात 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप 58 दिवस चालला, संघटनेची मान्यता गेली, अनेकांना बडतर्फ करण्यात आले. संपाची शक्यता वाटाघाटीच्या टेबलावर वजन देते, हे खरे. पण तो प्रत्यक्ष झाला की बहुतेक वेळा निर्णय तुमच्या हातातून सरकार आणि न्यायालयाच्या हातात जातो.

मग ताकद कोठून येते? एक प्रसंग सांगतो. मी ज्या कंपनीत होतो तेथे एका हंगामात असे रोस्टर आले की रात्री उशिरा एका गावी उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तेथूनच चार सेक्टर करायचे. नियमात ते बसत होते. क्रू रूममध्ये जो तो त्याबद्दल तक्रार करत होता, परंतु समितीने रोस्टर विभागाकडे विषय मांडला तेव्हा उत्तर मिळाले की लेखी अहवाल जवळजवळ नाहीतच, मग अडचण आहे हे कशावरून मानायचे? आम्ही संतापलो, पण मुद्दा बिनतोड होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक सभासदाला एकच विनंती केली: हे रोस्टर उडालात की त्याच दिवशी थकव्याचा अहवाल लिहा, त्यात किती वाजता खोलीत पोहोचलात, किती वाजता झोप लागली, किती वाजता उठलात आणि उड्डाणात काय चुकले किंवा चुकता चुकता राहिले एवढेच लिहा. 'अन्याय', 'शोषण' असे शब्द टाळा. दोन महिन्यांत फाइल जाड झाली. एकाने लिहिले होते की चौथ्या सेक्टरला दिलेली उंचीची सूचना त्याने बरोबर वाचून दाखवली आणि यंत्रात चुकीची भरली, कॅप्टनने पकडली. दुसऱ्याने लिहिले की उतरल्यानंतर चेकलिस्ट वाचली की नाही हे दोघांनाही आठवत नव्हते. कंपनीच्या सुरक्षा विभागाने तीच माहिती उड्डाण-नोंदींशी ताडून पाहिली आणि पुढच्या हंगामात ते रोस्टर मोडून दोन भागांत विभागले गेले. घोषणा नाही, मोर्चा नाही, वृत्तपत्रात ओळ नाही. माझ्या कारकिर्दीत संघटनेने मिळवलेल्या गोष्टींत मी हिला वरचे स्थान देतो, आणि तिचे श्रेय त्या प्रत्येक सहवैमानिकाला आहे ज्याने दमलेले असतानाही खोलीवर जाऊन तो अहवाल लिहिला.

लोक आपली चूक स्वतःहून लिहून देतात, कारण ती त्यांच्याविरुद्ध वापरली जाणार नाही अशी हमी असते, आणि ती हमी टिकवणे हे संघटनेचे कमी दिसणारे पण फार मोलाचे काम आहे. अमेरिकेतील स्वेच्छा-अहवाल योजनेत प्रत्येक प्रकरण नियामक, कंपनी आणि संघटना या तिघांचे प्रतिनिधी मिळून पाहतात. उड्डाण-नोंदींच्या विश्लेषणात अनेक कंपन्यांमध्ये वैमानिकाचे नाव फक्त संघटनेच्या एका विश्वासू सदस्याला पाहता येते, तोच फोन करून विचारतो, "त्या दिवशी नेमके काय झाले होते?" अमेरिकेतील हिम्स ही योजना 1970 च्या दशकात आल्पाच्या सहभागाने उभी राहिली. मद्याच्या व्यसनात सापडलेला वैमानिक पूर्वी ते लपवत असे. आता उपचार घेऊन, कडक देखरेखीखाली, तो कामावर परत येऊ शकतो. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर आदळवले आणि 150 जण गेले. त्यानंतर युरोपने प्रत्येक कंपनीला वैमानिकांसाठी सहकाऱ्यांमार्फत आधार देणारी यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा यंत्रणांचा अनुभव संघटनांजवळ आधीपासून होता. मानसिक त्रासात असलेला माणूस व्यवस्थापकाला फोन करत नाही. तो आपल्यासारख्याच दुसऱ्या वैमानिकाला करतो.

आता हेतूकडे वळतो, कारण तुमची शंका निराधार नाही. संघटनांनी सुरक्षिततेच्या नावाखाली नोकऱ्यांचे रक्षण केल्याची उदाहरणे आहेत. बोइंग 737 दोन वैमानिकांसाठी तयार झालेले विमान असूनही अमेरिकेत आल्पाने कॉकपिटमध्ये तिसरा माणूस हवा असा आग्रह दीर्घकाळ धरला. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कृतिगटाने दोन वैमानिकांचे कॉकपिट सुरक्षित असल्याचा निष्कर्ष दिला, आणि पुढील काळाने तो योग्य ठरवला. निवृत्तीच्या वयाबाबत तर भूमिका वारंवार फिरली: साठाव्या वर्षी निवृत्तीच्या नियमाला आल्पाने 1960 मध्ये न्यायालयात आव्हान दिले, नंतर त्याच नियमाचे समर्थन केले, 2007 मध्ये पासष्ट मान्य केले, आणि अलीकडे सदुसष्टच्या प्रस्तावाला विरोध केला. वैद्यकीय ज्ञान एवढे मागेपुढे झाले नव्हते. ज्येष्ठता यादीत वरच्याने राहावे की जागा मोकळी करावी, यावर सभासदांचे हितसंबंध बदलत होते. कोल्गन अपघातानंतर आलेला 1500 तासांच्या अनुभवाचा नियम संघटना आजही हिरिरीने राखतात. मात्र त्या विमानातील दोघांकडेही 1500 हून अधिक तास होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अनुभवाची अट मला उपयुक्त वाटते, पण ती त्या अपघाताचे उत्तर होती असे मी म्हणणार नाही.

याच इतिहासामुळे पुढच्या वादात संघटनांचे म्हणणे लोक कितपत ऐकतील याची मला चिंता वाटत होती. लांब उड्डाणात काही तास एकच वैमानिक कॉकपिटमध्ये आणि दुसरा विश्रांतीला, अशी व्यवस्था दोन वैमानिकांच्याच चमूने चालवण्याचा विचार युरोपात झाला. 1981 चा अनुभव पाहता 'पुन्हा तेच रडगाणे' असे म्हणणे सोपे होते. परंतु या वेळी संघटनांनी नोकऱ्यांचा मुद्दा मागे ठेवला आणि ठोस प्रश्न विचारले: एकटा वैमानिक बेशुद्ध पडला तर किती सेकंदांत कळेल, झोपेतून उठलेला दुसरा किती वेळात निर्णय घेण्याच्या स्थितीत येईल, चुकीवर दुसरी नजर कोणाची असेल? ईएएसए या युरोपीय नियामकाने करवून घेतलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2025 मध्ये आला: सध्याच्या कॉकपिट-रचनेत दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता सिद्ध करता येत नाही. तंत्रज्ञान बदलेल तसा हा वाद पुन्हा येईल, आणि तेव्हाही आकड्यांनीच बोलावे लागेल.

जागतिक पातळीवरची रचनाही तुम्हाला माहीत असावी. वैमानिक संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, इफाल्पा, 1948 पासून काम करतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या आयकाओ या संस्थेच्या हवाई दिशादर्शन आयोगात त्याला कायम निरीक्षकाचे स्थान आहे. मत देता येत नाही, पण मसुदा तयार होत असताना खोलीत बसता येते. थकवा-व्यवस्थापनाची 2011 ची मार्गदर्शिका आयकाओ, कंपन्यांची संघटना आयाटा आणि इफाल्पा या तिघांनी मिळून लिहिली. ज्यांना वाटते की संघटना आणि कंपन्या फक्त भांडतात, त्यांनी ती जरूर चाळावी.

आता वर्गणीबद्दल. सही करण्यापूर्वी संघटनेच्या कार्यालयात जाऊन काही गोष्टी विचारा. तुमची तांत्रिक आणि ड्यूटी-वेळ समिती आहे का, आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली? नियामकाच्या मागच्या मसुद्यावर तुम्ही दिलेली हरकत मला वाचायला मिळेल का? अहवाल लिहिणाऱ्या वैमानिकावर कारवाई झाली तर तुम्ही काय करता? परवाना गमावल्यास कोणते संरक्षण मिळते? कनिष्ठ सहवैमानिकांचा प्रतिनिधी कार्यकारिणीत आहे का, की सगळे निर्णय ज्येष्ठता यादीच्या वरच्या टोकाला होतात? उत्तरे नेमकी मिळाली तर वर्गणी भरा. फक्त भाषण मिळाले, तरीही मी म्हणेन की भरा, पण मग त्या समितीवर काम करायला स्वतः नाव द्या, कारण तेथे माणसांचीच कमतरता असते.

शेवटी तुमच्या मनात असू शकणारी एक भीती, जी नवीन वैमानिकांकडून मी वारंवार ऐकली आहे: परिविक्षेच्या काळात थकव्याचा अहवाल दिला तर नाव वाईट होईल का? काही ठिकाणी तसा दबाव असतो; मी तो पाहिला आहे. यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रत्येक ड्यूटीची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ, खोलीत पोहोचण्याची वेळ, झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ, एवढे चार-पाच आकडे रोज लिहा. उड्डाणास असमर्थ आहात असे वाटले तर त्या दिवशी उडू नका आणि कारण लेखी कळवा. तो तुमच्या परवान्याचा भाग आहे आणि तेथे तडजोड नाही. बाकीच्या दिवसांचा अहवाल थेट द्यायला धजत नसाल, तर वहीतली पाने संघटनेच्या समितीकडे द्या. तुमचे नाव वगळून, इतर वीस जणांच्या पानांबरोबर, ती पुढे मांडायची पद्धत समितीला ठाऊक असते.